पाण्यातली रुपेरी झळाळी

८ जून १९४८ रोजी मुंबईहून एक विमान लंडनच्या दिशेने निघाले. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेत जाणारी एअर इंडिया इंटरनॅशनलची ती पहिली फेरी होती. जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी स्थापन झालेल्या या कंपनीने विमानाचे नाव ठेवले होते ‘मलबार प्रिन्सेस’. अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने घडविलेले ते कॉन्स्टेलेशन जातीचे विमान. चार इंजिने, माशासारखी हलकी वळणे घेत गेलेली काया आणि शेपटीवर एकाऐवजी तीन उभे पंख, अशी त्याची ठेवण होती. पट्टे आणि अक्षरे वगळली तर अंगावर रंग जवळपास नव्हताच. बाकीचा सारा पृष्ठभाग म्हणजे उघडे, उजळ ॲल्युमिनियम.

३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान जिनिव्हाला उतरण्याच्या वाटेवर असताना आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील ४८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. प्रवाशांत बहुतेक भारतीय खलाशी होते. विलायतेत आपापल्या बोटींवर रुजू व्हायला ते निघाले होते. तिथल्या बोसों हिमनदीने पोटात घेतलेल्या वस्तू पुढे अनेक वर्षे थोड्याथोड्या करून परत दिल्या. ते विमान आज कुठे पाहायला मिळणार नाही. उरली आहेत ती छायाचित्रे, हिमनदीतून आलेले तुकडे आणि काही घरांच्या काचेच्या कपाटांत ठेवलेल्या प्रतिकृती.

अशी प्रतिकृती करू पाहणाऱ्यासमोरचा पहिला प्रश्न साधा दिसतो. फ्रान्समधील हेलर कंपनीने कॉन्स्टेलेशनचा १/७२ प्रमाणातील प्लास्टिकचा संच काढला. जोडून झाल्यावर विमान सुमारे ४० सेंटीमीटर लांब आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ५२ सेंटीमीटर भरते. ते सारे पॉलिस्टायरीन, म्हणजे फिके, निर्जीव दिसणारे प्लास्टिक. त्याला ॲल्युमिनियमचे रूप कसे द्यावे? बाजारातील साधा चंदेरी रंग कुंचल्याने फासला तर विमान खेळण्यासारखे दिसते, कढईच्या बुडासारखे करडे आणि जाडेभरडे. पाण्यात कालवलेला धातुरंग एअरब्रशने नीट फवारला, तर तेच प्लास्टिक धातूसारखे उजळते. या दोन टोकांमध्ये जे काही घडते, त्याची ही गोष्ट आहे.

चमक म्हणजे सपाटपणा

लाल किंवा निळा रंग प्रकाशाचा काही भाग गिळतो आणि उरलेला परत देतो. धातूच्या रंगाचे काम निराळे असते. त्याच्या थेंबात ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक, चपटे पापुद्रे तरंगत असतात आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक इवलासा आरसा असतो. हे आरसे फरशीसारखे एका पातळीत, शेजारी शेजारी पडले तर सगळे मिळून एकाच दिशेने प्रकाश परतवतात आणि डोळ्यांना धातू दिसतो. ते वेडेवाकडे, उभेआडवे पडले तर प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना करडा रंग दिसतो. डबीतला माल तोच असतो. फरक पडतो तो मांडणीचा.

हे सत्य एका इंग्रज उद्योजकाला फार लवकर उमगले, आणि त्यातून त्याने संपत्ती उभी केली. पोलाद स्वस्त करणारे म्हणून जगाला ठाऊक असलेले हेन्री बेसेमर १८४० च्या दशकात आपल्या बहिणीच्या चित्रसंग्रहाच्या आवरणावर सोनेरी अक्षरे काढीत होते. त्यासाठी लागणारी पितळेची बारीक भुकटी त्यांना ७ शिलिंग औंस या दराने घ्यावी लागली. मूळ पितळ तर कितीतरी स्वस्त होते. एवढी तफावत कशापायी, असा प्रश्न व्यापारी डोक्याला पडणे स्वाभाविक होते. ही भुकटी जर्मनीत न्युर्नबर्गच्या परिसरात हाताने कुटून तयार होत असे. किंमत होती ती श्रमांची.

बेसेमर यांनी यंत्राने भुकटी करून पाहिली. ती निस्तेज निघाली. पुढे त्यांनी दोन्ही भुकट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तेव्हा कारण कळले. जर्मन भुकटीचा कण चपटा होता, त्यांचा मात्र वेडावाकडा, गुंडाळलेला. मग त्यांनी धातू चपटा करणारी यंत्रे रचली. एकस्व मुद्दाम घेतले नाही, कारण एकस्व घ्यायचे तर रीत जाहीर करावी लागते. यंत्रांचे भाग वेगवेगळ्या गावी घडवून घेतले आणि कारखाना विश्वासातील नातलगांच्या हाती सोपविला. ते गुपित तीन दशकांहून अधिक काळ टिकले, आणि त्या भुकटीच्या नफ्यातूनच पोलादाच्या प्रयोगांना भांडवल मिळाले.

ॲल्युमिनियमची भुकटी कोरडी कुटणे मात्र धोक्याचे होते. तिची धूळ हवेत मिसळली की ठिणगीने स्फोट होतो. १९२० च्या दशकात अमेरिकेतील एव्हरेट हॉल यांनी त्यावर तोड काढली. फिरत्या पिंपात पोलादी गोळ्या, खनिज स्पिरिट आणि थोडे स्टिअरिक आम्ल घालून त्यात ॲल्युमिनियमचे कण दळायचे. धूळ उडत नाही, कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि गोळ्यांच्या माराने त्यांचे पापुद्रे होतात. आजही ॲल्युमिनियमचे रंगद्रव्य मुख्यतः याच रीतीने तयार होते.

पाणी आणि ॲल्युमिनियम यांचे वैर

दीर्घकाळ हे पापुद्रे तेलकट किंवा उग्र वासाच्या द्रावकातच कालवले जात. त्याचे कारण रसायनात आहे. ॲल्युमिनियम पाण्याशी संयोग पावते, त्याचे हायड्रॉक्साइड होते आणि हायड्रोजन वायू सुटतो. आपल्या स्वयंपाकघरातील पातेल्यांना याचा त्रास होत नाही, कारण त्यांच्यावर ऑक्साइडचा संरक्षक थर असतो आणि वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग थोडा असतो. पापुद्र्यांचे गणित उलटे असते. चिमूटभर भुकटीचा पृष्ठभाग प्रचंड असतो. तो पाण्यात महिनोन्‌महिने राहिला तर बंद डबी वायूने फुगते आणि पापुद्रे करपून काळवंडतात.

पाण्यातला धातुरंग शक्य झाला तो या पापुद्र्यांना कवच चढविण्याची विद्या हाती आल्यावर. सिलिकाचे अतिसूक्ष्म पारदर्शक आवरण किंवा फॉस्फेटची प्रक्रिया यांनी पापुद्रा पाण्यापासून अलिप्त राहतो, तरी प्रकाश मात्र परतवतो. मोटारींच्या कारखान्यांत द्रावकांच्या वाफा कमी करण्याची निकड वाढली, तेव्हा १९८० च्या दशकापासून पाण्यावर आधारलेले धातुरंग तिकडे रूढ होऊ लागले. पुढे तीच वाट छंदाच्या छोट्या बाटल्यांपर्यंत पोहोचली. स्पेनमधील वालेहो कंपनीची एअरब्रशसाठीच तयार केलेल्या धातुरंगांची मालिका ३२ मिलिलिटरच्या बाटल्यांत मिळते. तिच्यात नुसत्या ॲल्युमिनियमच्याच अनेक छटा आहेत.

छंदाच्या कामाला पापुद्रा बारीक लागतो, याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. १/७२ प्रमाणात प्रतिकृतीवरची प्रत्येक गोष्ट मूळ विमानावर ७२ पट धरावी लागते. मोटारीच्या रंगातला २० मायक्रॉनचा पापुद्रा प्रतिकृतीवर आला, तर तो खऱ्या विमानावरच्या जवळजवळ दीड मिलिमीटरच्या ठिपक्याइतका ठरतो. असे ठिपके चमचमणारे विमान कोणी पाहिलेले नाही. मोटारीवर शोभणारा रंग प्रतिकृतीवर चमकीच्या साडीसारखा दिसतो, तो यामुळेच.

कुंचल्याऐवजी हवा

एअरब्रश हे हत्यार दिसायला जाडसर लेखणीसारखे असते. आत एक निमुळती सुई, पुढे तितकेच बारीक तोंड, वर रंगाची वाटी आणि बोटाखाली खटका. खटका खाली दाबला की हवा सुटते. मागे ओढला की सुई सरकते आणि रंग बाहेर येतो. वेगाने जाणारी हवा त्या रंगाचे धुके करते. अमेरिकेत आयोवा राज्यातील ॲबनर पीलर यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस याचे पहिले ओबडधोबड रूप घडविले आणि १८९३ साली चार्ल्स बर्डिक यांनी हवा व रंग आतच मिसळणारी रचना आणली. त्या काळी छायाचित्रे दुरुस्त करण्यासाठी आणि रंगविण्यासाठी त्याचा वापर होई.

धातुरंगाला हे हत्यार मानवते त्याचे कारण सरळ आहे. कुंचल्याचे केस रंग ओढत नेतात. पापुद्रे त्या ओढीने रांगेत उभे राहतात, कडेला गोळा होतात आणि प्रत्येक फटकाऱ्याची रेघ मागे उरते. धुक्याच्या थेंबात मात्र मोजकेच पापुद्रे असतात. थेंब पृष्ठभागावर आपटून पसरतो, त्यातले पाणी क्षणात उडते आणि पापुद्रा आडवा होऊन तिथेच बसतो. पुढचा थेंब शेजारी पडतो. अशा हजारो थेंबांतून आरशांची फरशी रचली जाते.

कल्हईवाल्याचा धडा

पूर्वी दारात कल्हईवाला येई तेव्हा भाता पेटवण्याआधी तो भांडे घासण्यात बराच वेळ घालवी. कथील लावणे क्षणाचे काम होते. मळलेल्या पितळेवर ते धरत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असे. धातुरंगाचा नियम हाच आहे. साध्या मळकट रंगाखाली ओरखडा झाकला जातो. आरसा मात्र खालचा प्रत्येक दोष वर आणून दाखवतो. प्रतिकृतीवरची ०.०५ मिलिमीटरची चर म्हणजे मूळ विमानावरची साडेतीन मिलिमीटरहून रुंद खाच.

म्हणून कामाचा मोठा हिस्सा रंगाची बाटली उघडण्यापूर्वीच होतो. सुटे भाग भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावेत, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा जातो. विमानाचे दोन अर्धे भाग जोडल्यावर राहणारी सांध्याची फट पुट्टीने भरून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासावी. आधी ४०० क्रमांकाचा, मग ८००, मग १,५००, शेवटी २,००० किंवा त्याहून बारीक. प्रत्येक टप्प्यावर मागच्या कागदाचे ओरखडे पुसले गेले की नाही हे तिरक्या उजेडात पाहावे. बोटाला लागत नाही ते डोळ्याला दिसते. त्यानंतर भाग उघड्या बोटांनी हाताळू नये. घामाचा एक ठसाही पुढे रंगाखालून डोके वर काढतो.

यानंतर येतो चकचकीत काळा अस्तर-रंग. चंदेरी करायच्या वस्तूला आधी काळे का करावे, असे पाहणाऱ्याला वाटते. पापुद्र्यांचा थर इतका पातळ असतो की थोडा प्रकाश त्यातून आरपार जातो. खाली पांढरे किंवा करडे असेल तर तो प्रकाश विखरून परत येतो आणि चमक पुसट करतो. खाली काळे असेल तर तो तिथेच मुरतो आणि वर फक्त आरशांचा प्रकाश उरतो. काळ्याची चकाकी ही दुसरी अट, कारण खरखरीत पृष्ठभागावर पापुद्रा सपाट पडणार कसा? हा थर धुळीपासून झाकून निदान २४ तास वाळू द्यावा. पाण्यावर आधारलेले अस्तर वरून लवकर सुकते, आतून मात्र रबरासारखे मऊ राहते. घाईने पॉलिश पेपर लावला तर ते सोलून निघते.

फवारण्याची रीत

पाण्याच्या रंगापुढची खरी अडचण पहिल्या थेंबापाशीच उभी राहते. पाण्याचा पृष्ठताण स्पिरिटच्या तिपटीहून अधिक असतो. प्लास्टिकवर ते पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होते. कंपन्या रंगात पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये घालतात, तरी जाड ओला थर द्यायचा प्रयत्न केला की थेंब एकत्र येतात, पापुद्रे त्या तळ्यात पोहू लागतात आणि कोरडे होताना कडेला जमून डाग सोडतात.

यावर उपाय एकच, कमी देणे. बाटली चांगली मिनिटभर हलवावी, कारण जड पापुद्रे तळाशी बसतात. वरवरचा रंग ओतून घेतला तर हाती फक्त पातळ डिंक लागतो. एअरब्रशसाठीच तयार केलेल्या रंगात सहसा काही मिसळावे लागत नाही. फार दाट वाटला तर त्याच कंपनीचे पातळक दोन-तीन थेंब घालावे. घरातले स्पिरिट घालण्याचा मोह टाळावा, कारण काही रंग त्याने दह्यासारखे फाटतात. सुई ०.२ ते ०.३ मिलिमीटरची, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, म्हणजे साधारण ०.८ ते १ बार, आणि तोंडापासून प्लास्टिकपर्यंतचे अंतर पाच ते आठ सेंटीमीटर. दाब फार झाला तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभागावर कोरडी पूड बसते. फार कमी झाला तर शिंतोडे उडतात.

हात सतत फिरता ठेवावा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा जाड ठिपका हवेत विरतो. पहिल्या फेरीत काळे झाकले जाऊ नये, त्यावर फक्त धुकट रुपेरी छटा यावी. नवशिका नेमका इथे अधीर होतो. काळे दिसते म्हणून तो आणखी रंग ओततो, आणि ज्या खोलीसाठी सारा खटाटोप केला ती घालवून बसतो. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने अशा तीन-चार विरळ फेऱ्या झाल्या की झळाळी आपोआप उमटते. आणखी एक फेरी द्यावी की काय, असे मनात आले की हात थांबवावा; धातुरंगात जास्तीचा माल नफा वाढवत नाही, मुद्दल खातो.

मे महिना आणि जुलै महिना

पाण्यावरचे हे काम हवामानाशी बांधलेले आहे. मे महिन्याच्या दुपारी रंग सुईच्या टोकावरच वाळतो. मध्येच फवारा तुटतो, दाब साचतो आणि मग एकदम थुंकल्यासारखा थेंब पडतो. अशा वेळी दर दोन-तीन मिनिटांनी सुईचे टोक ओल्या कापसाने हलकेच पुसावे आणि रंगात वाळणे लांबविणाऱ्या द्रव्याचे एक-दोन थेंब घालावे. सकाळची वेळ त्याहून बरी.

जुलैत संकट उलट दिशेने येते. मुंबई-कोकणातील पावसाळी हवेत ओलावा इतका असतो की रंगातले पाणी लवकर उडत नाही. ओला थर लांबवर ओलाच राहतो आणि पापुद्रे सरकतात. कॉम्प्रेसर हीच दमट हवा दाबतो तेव्हा तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. ते नळीतून वाहत येऊन चंदेरी पंखावर एक स्वच्छ थेंब टाकते आणि तासाभराची मेहनत वाया जाते. म्हणून टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्यावा, नळीवर पाणी अडविणारा गाळक बसवावा आणि काम संपले की टाकीचा तळाचा खटका उघडून साठलेले पाणी काढून टाकावे. हे न केल्यास टाकी आतून गंजते. पावसाळ्यात एक फेरी कमी द्यावी आणि दोन फेऱ्यांमधले अंतर वाढवावे.

एकच धातू, अनेक छटा

सारे विमान एकसारखे चकाकले तरी ते अजून खरे वाटत नाही. जुन्या छायाचित्रांत कॉन्स्टेलेशनचे अंग नीट पाहिले तर पत्रे एकमेकांपासून वेगळे दिसतात. एक उजळ, शेजारचा जरा सावळा. त्या काळच्या विमानांचा पत्रा म्हणजे मजबूत मिश्रधातू आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, अशी जोडणी असे. मिश्रधातू बळ देई आणि शुद्ध धातू गंजापासून वाचवी. पत्रा लाटताना त्यावर एका दिशेने सूक्ष्म रेषा उमटतात. एक पत्रा उभा आणि शेजारचा आडवा बसविला की एकाच उन्हात दोघांचे तेज वेगळे दिसते. दुरुस्तीत बदललेला पत्रा तर दुरूनही ओळखू येतो.

प्रतिकृतीवर हे आणण्यासाठी सगळीकडे एक मूळ छटा द्यावी, ती पुरती वाळल्यावर निवडक पत्रे मास्किंग टेपने आखून त्यांवर किंचित गडद किंवा किंचित पांढुरकी छटा फवारावी. फरक जेमतेम जाणवेल इतकाच असावा. बुद्धिबळाचा पट झाला तर फसले म्हणायचे. इंजिनांच्या धुराड्यांजवळ धातू तापून तपकिरी-निळसर होतो, तिथे भाजल्या धातूची छटा अगदी विरळ यावी. पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फ झाडणाऱ्या रबराच्या काळ्या पट्ट्या असत. त्यांचा निस्तेज काळा शेजारच्या धातूला अधिक धातू करतो.

टेपचे काम जपून करावे. पाण्याचा धातुरंग हाताला काही मिनिटांत कोरडा लागतो, पण त्याची पकड बसायला एक-दोन दिवस जातात. कागदी, कमी चिकट टेप घ्यावा, तो आधी काचेवर दोनदा चिकटवून त्याचा जोर कमी करावा आणि काढताना वर न ओढता मागे दुमडून सावकाश सोलावा. पट्टे आणि अक्षरांचे डेकल पाण्यात भिजवून बसवले जातात. त्यांना मऊ करणारी तीव्र द्रव्ये धातुरंगावर आधी लपणाऱ्या जागी थेंबभर लावून तपासावीत. शेवटच्या वार्निशचाही मोह आवरावा. कोणताही पारदर्शक थर आरशावर दुसरी काच ठेवल्यासारखा असतो; थोडी झळाळी तो घेतोच. लावायचाच तर धातुरंगासाठी बनविलेला, आणि तोही पातळ.

इतके करूनही एखादा पंख बिघडतो. तेव्हा निराश होण्याचे कारण नाही. बहुतेक पाण्याचे रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होऊन निघून येतात आणि खालचे पॉलिस्टायरीन शाबूत राहते. खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर ते काम करावे. मग पुन्हा धुणे, पुन्हा काळे, पुन्हा रुपेरी. अनुभवी हातांनीही हा फेरा कधी ना कधी केलेला असतो.

घरातले काम, घरची जबाबदारी

द्रावकावर चालणारे लॅकरचे धातुरंग आजही काकणभर अधिक झळाळतात, हे मान्य करावे लागते. पण त्यांचा उग्र वास दोन खोल्यांच्या घरात राहत नाही, पसरतो. त्यांच्या वाफा पेट घेतात आणि निष्काळजीपणा झाला तर पॉलिस्टायरीनही खातात. ज्या घरात शेजारच्या खोलीत आजी झोपली आहे आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मूल अभ्यास करते आहे, तिथे पाण्याचा रंग हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

तरीही पाण्याचा म्हणजे निरुपद्रवी, असा समज करून घेऊ नये. बाटलीत शांत असणारा रंग फवाऱ्यात सूक्ष्म धुके होतो, आणि ते धुके श्वासातून आत गेले तर त्यातले ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक फुप्फुसात जाते. कण अडविणारा एन-९५ दर्जाचा मुखपट्टा लावावा, खिडकीकडे तोंड करून आणि हवा बाहेर ओढणारा पंखा लावून काम करावे. मुलांनाही हीच सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

हत्याराची स्वच्छता लगेच करावी लागते. ओला असेतोवर हा रंग पाण्याने धुतला जातो. एकदा वाळला की तो प्लास्टिकच होतो आणि पाण्याला दाद देत नाही. वाटीत पाणी घालून फवारत राहावे, सुई मागून हलकेच काढून पुसावी, तोंड बारीक ब्रशने साफ करावे. ते चंदेरी पाणी मात्र थेट मोरीत ओतू नये, कारण त्यात धातूचे आणि प्लास्टिकचे कण असतात. उरलेला रंग आधी कागदाने पुसून घ्यावा, धुण्याचे पाणी एका बरणीत साठवून स्थिर होऊ द्यावे आणि तळाचा गाळ वाळवून कोरड्या कचऱ्यात द्यावा. वाटीत रंग घेतानाही थेंब मोजून घ्यावेत. वाटीतला उरलेला रंग परत बाटलीत ओतला तर सगळी बाटली नासण्याची भीती असते.

अशा रीतीने एक कॉन्स्टेलेशन पूर्ण व्हायला शनिवार-रविवार धरून काही आठवडे जातात. त्यातला प्रत्यक्ष फवारण्याचा वेळ थोड्या तासांचा, बाकी सारे घासणे, धुणे आणि वाट पाहणे. वाळायला ठेवलेल्या पंखाला बोट लावून पाहायचे नाही, एवढे जरी दहा-बारा वर्षांच्या मुलाने साधले, तरी त्याने बरेच कमावले असे मोठ्यांनी मानावे.

शेवटी डेकल बसतात, चाके लागतात आणि विमान आपल्या पायांवर उभे राहते. दिव्याखाली ते जरासे फिरवले की एक पत्रा उजळतो, शेजारचा मावळतो, मग तो उजळतो. मूल विचारते, हे कुठल्या गावाला जायचे? तेव्हा त्याला कैरो, जिनिव्हा आणि लंडन सांगावे. आणि जरा मोठे झाले की जिनिव्हाच्या अलीकडचा तो बर्फाचा डोंगरही सांगावा, बोटींवर कामाला निघालेल्या त्या खलाशांसकट.